रंग वगळून झालेला पुनःशोध

अमेरिकेत १९५०च्या दशकात विज्ञानकथा आणि अद्भुतकथा छापणारी चित्रकथांची जी नियतकालिके निघत, ती गेल्या काही दशकांत पुन्हा वाचली जाऊ लागली आहेत. दहा सेंटला विकले जाणारे आणि वाचून झाल्यावर रद्दीत जाणारे हे अंक आता पक्क्या बांधणीच्या खंडांत, प्रस्तावनांसह मिळतात. विद्यापीठांतून त्यांचा अभ्यास होतो. ह्या घटनेला ‘पुनःशोध’ असे नाव मिळाले असून, एका उपेक्षित प्रकाराला न्याय मिळाल्याचा आनंदही व्यक्त होतो. हा न्याय कोणत्या अटींवर मिळाला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. विचारले तर असे दिसेल की, चित्रकथेला प्रतिष्ठा देताना तिचे चित्रकथापणच बाजूला ठेवण्यात आले आहे.

ह्या पुनःशोधाचे सर्वांत लाडके उदाहरण म्हणजे ‘जजमेंट डे’. विल्यम गेन्स ह्यांच्या ई.सी. ह्या प्रकाशनसंस्थेच्या ‘वीअर्ड फँटसी’च्या १८व्या अंकात, १९५३ साली, ही कथा प्रसिद्ध झाली. लेखन अल फेल्डस्टीन ह्यांचे, चित्रे जो ऑर्लँडो ह्यांची. पृथ्वीचा प्रतिनिधी टार्लटन यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन वर्ग आहेत. बाह्य आवरण सोडले तर दोघांच्या घडणीत काहीही फरक नाही. तरीही निळ्यांना वेगळी वस्ती, वेगळे शिक्षण, वाहनात मागची जागा. हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात येण्यास अद्याप पात्र नाही, असा निर्णय देऊन टार्लटन परततो. अखेरच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे वाचकाला प्रथमच कळते.

हीच कथा १९५६ साली ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या ३३व्या अंकात पुन्हा छापावयाची होती. तोवर सेनेटच्या उपसमितीसमोरील सुनावणी (१९५४) होऊन गेली होती आणि व्यवसायाने त्याच वर्षी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला होता. फेल्डस्टीन ह्यांनी पुढे सांगितल्यानुसार, ह्या संहितेचे प्रशासक चार्ल्स मर्फी ह्यांनी अंतराळवीर कृष्णवर्णीय असता कामा नये, असा आग्रह धरला. मागाहून, निदान त्याच्या कातडीवरील घामाचे थेंब तरी काढावेत, अशी मागणी झाल्याचेही सांगितले जाते. गेन्स बधले नाहीत. कथा होती तशी छापली गेली, आणि त्यानंतर ई.सी.ने चित्रकथांचे अंक काढणे थांबविले.

पुनःशोधकांच्या लेखनात हा प्रसंग धैर्याची गोष्ट म्हणून येतो. तो तसा आहेही. परंतु त्यातील खरा वाङ्मयीन प्रश्न त्यांच्या नजरेतून निसटतो. परीक्षकाचा आक्षेप कथेच्या प्रतिपादनावर नव्हता. यंत्रमानवांतील भेदभावाचे वर्णन त्याला खटकले नाही. खटकला तो एक चेहरा, त्याचा रंग आणि त्यावरचा घाम. अर्थ कोठे घडतो हे त्याने अचूक ओळखले होते. त्याची भूमिका निंद्य होती, पण वाचन नेमके होते. त्याच्यानंतर आलेल्या सहृदय समीक्षकांविषयी असे म्हणता येत नाही.

ह्या समीक्षकांनी प्रतिष्ठेसाठी दोन अटी घातल्या. पहिली अट आशयाची. ‘वर्णभेदविरोधी कथा’ एवढा सारांश काढला की कथा अभ्यासक्रमात येऊ शकते. मग ती चित्रांत सांगितली काय आणि गद्यात सांगितली काय, सारखेच. रे ब्रॅडबरी ह्यांचे नावही असेच प्रमाणपत्रासारखे वापरले जाते. ई.सी.ने १९५२ साली त्यांच्या दोन कथा परवानगीविना एकत्र करून ‘होम टू स्टे’ ही चित्रकथा केली. ब्रॅडबरींनी सौम्य पत्र लिहून मानधन मागितले आणि पुढे रीतसर रूपांतरे निघाली. दोन स्वतंत्र गद्यकथा काही पानांच्या चौकटींत एकत्र आल्यावर त्यांचे काय झाले, हा खरा अभ्यासविषय. चर्चा होते ती मोठा लेखक ह्या क्षुद्र प्रकारात कसा शिरला, ह्याची. ई.सी.मध्ये मजकूर आधी फलकावर अक्षरबद्ध होई आणि चित्रकाराला उरलेल्या जागेत चित्र काढावे लागे, ही कार्यपद्धती तर संकल्पनात्मक चर्चेत जवळजवळ येतच नाही.

दुसरी अट रेषेची. रस कॉकरन ह्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ई.सी.चे जे ग्रंथालयीन खंड काढले, त्यांतील पाने कृष्णधवल होती. फँटाग्राफिक्सने २०१२पासून काढलेली मालाही कृष्णधवल, आणि शिवाय चित्रकारानुसार विभागलेली. ‘जजमेंट डे’ तेथे ऑर्लँडोंच्या खंडात मिळते. हेतू उघड आहे: स्वस्त छपाईचे रंग दूर केले की कलावंताचा ‘हात’ दिसतो. रेषा म्हणजे कला आणि रंग म्हणजे बाजारू भर, हा पाश्चात्त्य चित्रविचारातील जुना पूर्वग्रह येथे संपादकीय तत्त्व बनला आहे. परिणाम असा की, नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांची कथा नारिंगी आणि निळ्याविना छापली जाते. कथेनेच इतर सर्व फरक नाकारलेले असल्यामुळे भेद दृश्य करण्याचे काम रंगावरच सोपविलेले आहे. ते रंग काढणे म्हणजे संहितेतील एक पात्र गाळणे होय. ई.सी.साठी रंगयोजना करणाऱ्या मारी सेव्हरिन ह्यांना ‘कर्त्या’चे स्थान ह्या व्यवस्थेत मिळत नाही, हा योगायोग नव्हे.

ह्यावर असे म्हटले जाईल की, रंग नाहीसे झाल्याने भेदाची निरर्थकता अधिकच उघडी पडते. हा युक्तिवाद चतुर असला तरी टिकणारा नाही. मूळ अंकाच्या वाचकाने पानोपानी दोन रंग पाहिलेले असतात; रंगावरून कोण कोणत्या वस्तीतला हे ओळखण्याची सवय त्याच्या डोळ्यांना लागलेली असते. त्या सवयीवरच अखेरची चौकट आघात करते. केवळ रेषा पाहणारा वाचक ह्या व्यवहारात कधी सामीलच झालेला नसतो; त्यामुळे तो कथेशी सहमत होतो, पण तिच्यात सापडत नाही. नंतर काही खंड रंगीत निघाले, परंतु संगणकाने नव्याने रंगवून. म्हणजे रंग परत आले, ते मूळचे नव्हेत.

पुनःशोधाला खलनायकही सोपा लागतो, आणि तो फ्रेडरिक वर्थम ह्यांच्या रूपाने मिळाला. ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’मधील (१९५४) पुराव्यांत त्यांनी फेरफार केल्याचे कॅरल टिली ह्यांनी २०१२ साली दाखवून दिले, त्यांचा बचाव करण्याचे कारण नाही. परंतु हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांसाठी अल्पशुल्क मानसोपचार केंद्र चालविणारे, शाळांतील वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यात साक्ष देणारे वर्थम हेच होत. वर्णभेदाच्या प्रश्नावर ते आणि ‘जजमेंट डे’ एकाच बाजूला उभे होते. आशय हाच निकष मानणाऱ्या समीक्षेला ही गुंतागुंत उलगडता येणार नाही. कारण वर्थमही चित्रकथेत आशयच शोधत होते. त्यांना तो घातक वाटला, ह्यांना तो उद्धारक वाटतो. वाचनपद्धती एकच आहे.

मराठी अभ्यासकांनी हा वाद परका समजू नये. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून (१९६४ ते १९९०) वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन येथे आले, त्याच्या मराठी आवृत्त्याही निघत. अमेरिकी वृत्तपत्रांतील पट्टी येथे पुस्तकाच्या पानावर नव्याने मांडली गेली. त्या अंकांचा पुनःशोध आज स्मरणरंजनाच्या अंगाने होत आहे. उद्या तो प्रबंधांतून होईल. तेव्हा ‘ह्या कथांनी कोणते संस्कार केले’ ह्या ठरावीक प्रश्नाने आरंभ झाला, तर अमेरिकी पुनःशोधाचीच पुनरावृत्ती होईल. रंग कोणी ठरविले, फुग्यांतली मराठी कोणी लिहिली, जागेत बसविण्यासाठी काय कापले गेले, हे प्रश्न आधी विचारावे लागतील. कागद पिवळा पडत आहे आणि रंग उडत आहेत. आशयाचा सारांश मात्र केव्हाही लिहिता येतो. कोणते काम अगोदर हाती घ्यावयाचे, हे ह्यावरून ठरावे.