घोषणा दिली म्हणून पोराची भाकरी तोडणार?



कपाशी पिकली तर भाव नाही, भाव आला तर पीक नाही. ज्वारीवर घर चालत नाही. मग पोरगा कामाला शहर गाठतो. कोल्हापुरात शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखानदारीत नोकरी मागायला गेला की पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आण म्हणतात. त्यात रास्ता रोकोचा गुन्हा निघाला की चारित्र्य बिघडले!

आम्ही विचारतो, घामाचे दाम मागणे हा चारित्र्यावरचा डाग केव्हापासून झाला?

मालकाने चौकशीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यायची, त्याने पूर्वी अफरातफर केली का, हे जरूर बघावे. पण गुन्हा दाखल होणे म्हणजे शाबीत होणे नव्हे.

जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. पण याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना जग चोर म्हणे, त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्यावर नेमले. त्या गावात आज आंदोलकाच्या पोराला दारातून परत पाठवायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितले, की तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा फॉर्मवर लिहिला नाही, तरी नोकरी देणारा तिकडे काणाडोळा करू शकतो. मात्र माहिती खरी भरली पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा पोरांना सांगा, लपवू नका. लाज वाटावी असे आपण काही केलेले नाही. हा निकाल सरकारी नोकरीचा. खाजगी मालक त्याने थेट बांधला जात नाही. तिथे आपली एकजूटच कामी येईल.

आणखी एक. मंत्री सभेत 'गुन्हे मागे घेतले' म्हणतो आणि टाळ्या घेतो. पण कोर्टात गेलेला खटला सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाने संमती दिल्याशिवाय मागे जात नाही. त्या हुकमाची नक्कल हातात घ्या, जपून ठेवा. भाषणाची नक्कल कोणी मालक मानत नाही.

आमच्या मागण्या तीन. कामाशी संबंध असेल तेवढीच चौकशी करा. नाकारलेत तर कारण लेखी द्या. आंदोलनाचे खटले न्यायालयातून खरोखर काढून घ्या.

तालुक्यातल्या अशा पोरांची यादी करून जिल्हा बैठकीला घेऊन या.