मांडून काढलेला फोटो खोटा कसा?

शादी घदिरियान या इराणी छायाचित्रकार बाईच्या फोटोंचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो : ‘हे तर मांडून काढलेले फोटो. यात वास्तव कुठे आहे?’ असे म्हणणाऱ्यांत चळवळीतल्या मैत्रिणीही असतात, म्हणून जरा स्पष्टच लिहिते.

१९९८ साली तेहरानमध्ये तिने ‘काजार’ ही मालिका सुरू केली. काजार राजवट १९२५ साली संपली. त्या काळच्या स्टुडिओसारखा रंगवलेला पडदा, तसाच पोशाख, तशीच ताठ बसलेली बाई. फक्त एकीच्या हाती पेप्सीचा डबा, दुसरीपाशी भलामोठा टेपरेकॉर्डर. फोटोला बसल्या त्या तिच्याच मैत्रिणी आणि नात्यातल्या बायका.

आता वास्तवाचे पाहू. १९७९ च्या क्रांतीनंतर चारेक वर्षांत इराणमध्ये हिजाब कायद्याने सक्तीचा झाला. तेव्हापासून तिथल्या चित्रपटांत बाई स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोर, झोपतानासुद्धा डोके झाकून असते. कारण पाहणारे पुरुष परके. घरात अशी कोण झोपते? म्हणजे ‘खरे’ म्हणून जे दाखवले जाते, ते सरकारने मांडलेले. आणि १९३६ साली रझा शाहने नेमकी उलटी सक्ती केली होती, तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी ओढत होते. दोन्ही वेळा बाईला कोणी विचारले नाही. अशा देशात एखादीने ‘ही मांडणी मी केली आहे’ असे उघड सांगून फोटो काढला, तर खोटे नक्की कोण बोलते?

आमच्या क्षेत्रातही पाहा. संस्थांच्या अहवालांत रडणाऱ्या बाईचा फोटो असतो. ‘जरा इकडे बघा, पोराला कडेवर घ्या’ हे तिला कोण सांगते? त्याला मात्र आपण वास्तव म्हणतो.

दुसरी प्रतिक्रिया मला अधिक खुपते : ‘बिचाऱ्या मुसलमान बायका!’ घदिरियानच्या ‘रोजच्यासारखेच’ (२०००-०१) या मालिकेत फुलाफुलांची चादर ओढलेल्या आकृती आहेत. चेहऱ्याच्या जागी इस्त्री, चाळणी, झाडू, सुरा. ही मालिका तिला लग्नात आलेल्या आहेरावरून सुचली. इस्त्री काही धर्मग्रंथातून आलेली नाही, ती आहेरात आली. चादर काढून घेतली तरी इस्त्री तिथेच राहणार, आणि ती कोणाकोणाच्या घरी आहे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. कीव करायला शेजारची बाई सापडली की स्वतःच्या घराकडे पाहायचे टळते, एवढेच.

(शिरीन नेशात यांच्या चेहऱ्यावर फारसी कविता लिहिलेल्या बंदूकधारी बायकांबद्दल माझ्या मनात शंका आहेत. फारसी न येणारा पाश्चात्त्य प्रेक्षक बंदूक आणि चादर तेवढी पाहतो. पण तो वेगळा वाद.)

नियूशा तवक्कोलियान हिने २०१० साली ‘ऐका’ या मालिकेसाठी सहा व्यावसायिक गायिकांना स्टुडिओत उभे केले. डोळे मिटलेले, तोंड उघडे, गाणे सुरू. आवाज नाही, कारण पुरुष श्रोत्यांसमोर बाईने एकटीने गाण्यास तिथे बंदी आहे. न निघालेल्या सीडींची मुखपृष्ठेही तिने तयार केली. हेही मांडलेलेच. डिसेंबर २०२४ मध्ये परस्तू अहमदी ही गायिका डोके न झाकता, समोर एकही श्रोता नसताना गायली आणि तो कार्यक्रम तिने यूट्यूबवर दाखवला. काही दिवसांत तिला पोलिसांनी ताब्यात घेतले.