डोळ्यात साठलेले वय

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी घोड्याचे तोंड उघडतो. शहादा तालुक्यातल्या या तापीकाठच्या गावी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो; तीनशे वर्षांपासून भरतो असे सांगतात. विकणारा म्हणतो, ‘‘चार वर्षांचा आहे.’’ घेणारा काही बोलत नाही, ओठ वर करून दात पाहतो. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात; पुढे दात किती झिजले त्यावरून अंदाज बांधायचा. मालक वय चोरील, दात चोरत नाहीत.

माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. बँकेत कर्जाचा अर्ज भरून घेताना मी किती म्हाताऱ्यांना जन्मतारीख विचारली असेल! सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले एखादे आजोबा म्हणायचे, ‘‘तारीख कुठली, साहेब? बाहत्तरच्या दुष्काळात माझा थोरला बैलं हाकत होता.’’ मग आम्ही दोघे मिळून बेरीज-वजाबाकी करायचो आणि अर्जावर १ जून लिहायचो. आपल्याकडे अर्धी पिढी अशी १ जूनला जन्मली आहे.

हे सारे आठवले ते ग्रीनलंड शार्कविषयी वाचताना. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंडगार पाण्यात, पृष्ठभागापासून दोन हजार मीटर खोलीपर्यंत हा मासा वावरतो. लांबी पाच मीटरपर्यंत. चाल मात्र ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास; यात्रेच्या गर्दीत आपण याहून लवकर पुढे सरकतो. बऱ्याच शार्कच्या डोळ्याला एक परजीवी चिकटून लोंबत असतो, त्यामुळे दृष्टीही अधू होत असावी असे मानतात. तरी हा सील खातो. तो झोपलेला गाठत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. स्वतःचे मांस विषारी. आइसलंडचे लोक ते आंबवून, मग महिनोन्‌महिने वाळवून खातात.

हा फार जगत असावा, हा संशय जुना. १९३६ मध्ये ग्रीनलंडजवळ खूण करून सोडलेला एक शार्क १६ वर्षांनी पुन्हा सापडला, तर तेवढ्या काळात तो जेमतेम ८ सेंटिमीटर वाढलेला! पण नेमके वय सांगणार कसे? पुष्कळ माशांच्या कानातल्या खड्यावर आणि इतर शार्कच्या मणक्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. याचे मणके मऊ, वर्तुळे उमटतच नाहीत. दात पाहून उपयोग नाही, ते आयुष्यभर पडतात आणि नवे येतात.

कोपनहेगन विद्यापीठाच्या यूलियुस नील्सन आणि सहकाऱ्यांनी मग त्याच्या डोळ्यात पाहिले. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा आईच्या पोटातच तयार होतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजला की जन्माचा काळ कळतो. आणि इथे आमच्या आजोबांचा हिशेब कामी आला. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला आणि समुद्रातला हा कार्बन एकाएकी वाढवला. ज्या भिंगात ती वाढ दिसते तो शार्क चाचण्यांनंतरचा. बाहत्तरचा दुष्काळ तसे हे खुणेचे वर्ष! तपासलेल्या २८ माद्यांपैकी फक्त सर्वांत लहान तिघींच्या भिंगात ती खूण होती. बाकी साऱ्या त्याआधीच्या.

२०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठ्या मादीचे वय ३९२ वर्षे, १२० वर्षे इकडे किंवा तिकडे. इतकी ढिलाई कोणत्याही अर्जात चालणार नाही. पण कमीत कमी म्हणजे २७२ धरले तरी तिचा जन्म पानिपताच्या आधीचा. मधला आकडा धरला तर शिवरायांच्याही आधीचा जन्म.

बातम्यांनी हा ३९२ चा आकडा उचलला आणि तेव्हापासून या माशाच्या जनुकांत माणसाच्या दीर्घायुष्याचे गुपित शोधण्याची धडपड चालू आहे. शोधोत बापडे. मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अस्वस्थ करतो. ही मादी वयात येते ती सुमारे दीडशेव्या वर्षी. म्हणजे १८५७ च्या धामधुमीत जन्मलेली मादी आत्ता कुठे आई होण्याजोगी झाली असेल.

बँकेत मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी ठेवायला शिकवतात. मासेमारीचा हिशेबही तसाच: पिलावळ हे व्याज, वयात आलेल्या माद्या हे मुद्दल. बांगड्याला दोन-तीन वर्षांत व्याज सुटते, एखादा वाईट हंगाम भरून निघतो. या शार्कचे व्याज सुटायला पाच-सहा पिढ्या जातात आणि उचल तर कधीची चालू आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यकृतातल्या तेलासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. ते तेल दिव्यांत जळले, यंत्रांत गेले. कृत्रिम तेले आली तेव्हा शिकार थांबली. कोणाला दया आली म्हणून नव्हे. आज त्याला मुद्दाम कोणी फारसे धरत नाही. हॅलिबट नावाच्या चपट्या माशासाठी टाकलेल्या जाळ्यांत आणि गळांच्या दोऱ्यांत तो अडकतो, वर्षाला हजारोंच्या संख्येने. मच्छीमाराला तो नकोच असतो. जाळे फाटते, वेळ जातो. दीडशे वर्षे वाढलेला जीव दुपारभरात निकालात निघतो.

२०२० मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याला धोक्यात असलेल्या प्राण्यांत घातले. २०२२ मध्ये वायव्य अटलांटिकच्या मत्स्य संघटनेने खुल्या समुद्रात सापडलेला हा शार्क ठेवून घ्यायला मनाई केली. नियम चांगला आहे, पण तो अडकल्यानंतरचा. सोडलेला प्रत्येक शार्क जगतोच असे नाही. जाळ्याच्या तोंडाशी जाळी बसवून मोठा जीव बाहेर वळवता येतो, तिकडे खर्च व्हायला हवा.

आणि नियमाचा उपयोग झाला की नाही, हे तपासणार कोण? तो करणारे अधिकारी वीस-पंचवीस वर्षांत निवृत्त होतील. त्या वर्षी जन्मलेले मादी पिल्लू वयात यायला २१७० चे दशक उजाडेल.