पानाला आधी माप विचारा!

'सगळी पानं ए४च असतात' असं मानून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

ए४ म्हणजे ५९५ बाय ८४२ पॉइंट, लीगल ६१२ बाय १००८. पीडीएफमध्ये मोजणी डाव्या खालच्या कोपऱ्यातून होते. म्हणून ए४चा 'मध्य' धरून मारलेला वॉटरमार्क लीगलवर ८३ पॉइंट खाली घसरतो. लीगल पान न आक्रसता ए४वर काढलं, तर वरचे १६६ पॉइंट, म्हणजे सव्वादोन इंच, गायब! मथळा नि तारीख बहुधा तिथेच.

म्हणे, सर्वोच्च न्यायालयानेही २०२०मध्ये ए४ आणला. आणला ना, पण नव्या कागदांसाठी. आजोबांचं खरेदीखत कसं आखूड करणार?

माहितीच्या अधिकारासाठी लढलेल्या अण्णांचं राळेगणसिद्धी आमच्या पारनेर तालुक्यातलं. कापलेल्या कागदाला इथे तरी माहिती म्हणू नका. प्रत्येक पानाला त्याचं माप विचारा, मगच शिक्का मारा.