सनद आहे, सीनिअर कुठे?

वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बंदी आहे. वकिली कशी चालवावी हे पैसे घेऊन सांगणाऱ्याला मात्र कसलीच बंदी नाही. मोबाइल उघडला की असे मार्गदर्शक ढिगाने भेटतात. कुणी करिअर कोच, कुणी मेंटॉर, शनिवार-रविवारचा ऑनलाइन वर्ग आणि शेवटी प्रमाणपत्र. त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलांना हसावं असं मला वाटत नाही. जवळचं कुणी सांगत नाही तेव्हाच माणूस सल्ला विकत घेतो. आमच्या धंद्यात जवळचं कुणी का सांगत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मी ठाण्याच्या मानपाड्यात, घोडबंदर रोडला राहतो. डोंबिवलीतही एक मानपाडा आहे. तिथल्या एका ओळखीच्या कुटुंबातली मुलगी मध्यंतरी घरी आली. सनद नुकतीच हातात पडलेली. "काका, हे जरा बघता का?" म्हणत तिने एका कोचने करून दिलेला आराखडा पुढे केला. रोज एक पोस्ट, स्वतःचा 'ब्रँड', पाच वर्षांनी आपण कुठे असू त्याचा तक्ता. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. मी विचारलं, "एखादा दावा स्वतः लिहिलायस? निदान निशाणी ५?" दिवाणी दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज जातो, त्याला आपल्याकडच्या कोर्टांत सगळे निशाणी ५ म्हणतात. ती म्हणाली, "कॉलेजात मूट कोर्ट केलंय."

यात तिचा काही दोष नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये सनदेआधी प्रशिक्षणाची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून एका वर्षाची उमेदवारी परत आणली, तर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुधीर प्रकरणात ते नियम रद्द केले, कारण दुरुस्तीनंतर कौन्सिलकडे तसा अधिकारच उरला नव्हता. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली. तिला बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात आणि ती घरी अभ्यास करून पास होता येते. म्हणजे आज एखाद्याने उलटतपासणी कधी जवळून पाहिलेली नसली तरी सनद मिळाल्यावर तो कुणाच्याही जामिनासाठी उभा राहू शकतो.

सीएंचं बघा. त्यांची आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोनवर आली, पण ती टळत नाही. कुणाच्या हाताखाली, किती काळ, कमीत कमी किती स्टायपेंड, सगळं त्यांच्या संस्थेच्या नियमांत लिहिलेलं आहे. रक्कम फार नसते, पण शिकवण्याची जबाबदारी कुणाची ते तरी ठरलेलं असतं. डॉक्टरला इंटर्नशिप केल्याशिवाय सुटका नाही. वकिलाचं शिक्षण मात्र सीनिअरच्या मर्जीवर सोडलेलं. मर्जी झाली तर चेंबरमध्ये जागा, नाही तर बाररूमच्या कोपऱ्यातली खुर्ची. त्या रिकाम्या जागेत कोच येऊन बसला तर नवल काय?

कोचकडे जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच धंद्यांतून उचललेला असतो. 'लोकांना दिसा, स्वतःला विका' हे साबण विकणाऱ्याला ठीक आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करून किंवा मध्यस्थ लावून काम मिळवायचं नाही. २००८ पासून वेबसाइटवर नाव, संपर्क, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं, त्यापलीकडे नाही. 'मी जिंकून दिलेले खटले' अशी रील टाकणाऱ्या पोराला कोचकडून लाइक मिळेल आणि कौन्सिलकडून नोटीस. दुसरं, 'कंपनीत जा, पगार घे, जमेल तशी प्रॅक्टिसही कर' असं बिनधास्त सांगितलं जातं. नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवून कौन्सिलला कळवावं लागतं. चाळिशीत कंपनीच्या कायदा विभागात जाणाऱ्याला बायोडाटा नीट लिहून देणारा, मुलाखतीची तयारी करून घेणारा माणूस उपयोगी पडतो, हे मी मान्य करतो. पण विशीतल्या ज्युनिअरचं दुखणं वेगळं आहे.

ते दुखणं पैशाचं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या गटासाठी सनदेची नोंदणी फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही असं बजावलं. चांगलंच झालं, पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. शिफारशीवर घरभाडं भागत नाही. वडिलांचं ऑफिस असलेला मुलगा पहिली पाच वर्षं शांतपणे शिकतो. ज्याच्या घरातून पहिल्याच महिन्यात विचारणा होते, तो शिकणं सोडून मिळेल ते काम धरतो. 'आवडीचं क्षेत्र निवडा' हा सल्ला दोघांना एकाच दमात देता येत नाही.

डॉ. आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. जातीमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे काम देईनात. मग जिल्ह्याच्या कोर्टांतली कामं घेतली आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवलं. याच काळात, १९२६ मध्ये, 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरच्या पुण्यातल्या खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहून त्यांनी यश मिळवलं. दोन परदेशी विद्यापीठांच्या पदव्या असलेल्या माणसालाही जोडउत्पन्न लागलं. तेव्हा संध्याकाळी क्लासमध्ये शिकवणाऱ्या किंवा करारनामे तपासून देणाऱ्या ज्युनिअरने ओशाळं होऊ नये. सकाळचे कोर्टाचे तास तेवढे हातचे जाऊ देऊ नयेत.

आता तर हे तास आणखी महत्त्वाचे झालेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. २००२ मध्ये ती काढली गेली होती. कॉलेज, क्लास आणि थेट न्यायाधीश हा बेत करून बसलेल्या कितीतरी घरांचा हिशेब यामुळे बदलला. तीन वर्षांचा दाखला द्यायला दहा वर्षं जुना वकील लागतो, वर न्यायालयाचा शेराही. वकालतनाम्यावर नाव घालून घरी अभ्यास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, सीनिअर निवडताना त्याचं नाव नंतर बघ, आधी तीन गोष्टी विचार. बोर्डावर रोज कामं कसली असतात? मी लिहिलेला मसुदा तुम्ही वाचणार का? आणि महिन्याला काय देणार? तिसरा प्रश्न विचारताना लाजायचं नाही. फोर्टातल्या मोठ्या चेंबरचं तिला आकर्षण होतं. उच्च न्यायालयात कायदा शिकायला मिळतो, यात वाद नाही. पण पहिली दोन वर्षं कल्याण किंवा ठाण्याच्या कोर्टात गेली तर बिघडत नाही. तिथे मुदतीच्या अर्जासाठी का होईना, रोज उभं राहावं लागतं आणि न्यायाधीशाच्या कपाळावरची आठी वाचायला शिकता येतं. शिवाय आपल्या भागात कामाला तोटा नाही: सोसायट्यांचा पुनर्विकास, मानीव अभिहस्तांतरण, महारेराच्या तक्रारी, चेक बाउन्स, एमआयडीसीतल्या कामगारांचे दावे.

मग तिच्याकडून एक निशाणी ५ लिहून घेतली. आठ पानं आली. पहिल्या तीन पानांत 'सदर' आणि 'उपरोक्त' यांचीच गर्दी. ताबा कुणाचा, केव्हापासून, त्याला घरपट्टीची पावती आहे का, अडथळा कोणत्या तारखेला झाला, हे सहाव्या पानावर सापडलं. तेच वर आणलं आणि बाकीचं कापलं. साडेतीन पानं उरली. एवढ्याला अर्धा तास लागला.

ठाणे-कल्याणच्या बारमधल्या माझ्या वयाच्या मंडळींना सांगणं एवढंच आहे. २० हजार देणं जमत नसेल तर जमेल तेवढे द्या, पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या, आणि ज्युनिअरचा एक मसुदा आठवड्यातून एकदा लाल पेन घेऊन त्याच्यासमोर वाचा. आपल्यालाही कुणीतरी असंच बसवून शिकवलं होतं, तेही फी न घेता. पालकांनी कोचची फी भरायला हात खिशात घातलाच असेल, तर ते पैसे मुलीच्या पहिल्या वर्षाच्या रेल्वे पासाला आणि पुस्तकांना द्यावेत.