शंभर वर्षे न कुजलेले लाकूड



पावसाळा तोंडावर आला की आपल्या टपालात लाकडाच्या तक्रारी हमखास येतात. कुणाच्या न्हाणीघराची चौकट खालून भुसभुशीत झालेली असते, कुणाच्या माळ्यावरच्या फळीला बुरशी धरलेली असते, तर कुणाच्या कपाटाचे दार फुगून लागतच नाही. यंदा मात्र नाशिकच्या एका भगिनीचे पत्र जरा वेगळे आहे. त्यांची लेक आणि जावई अमेरिकेत, कॅलिफोर्नियात असतात. सुट्टीत ही मंडळी 'डेथ व्हॅली' नावाच्या वाळवंटात फिरायला गेली आणि तिथल्या एका जुन्या, सोडून दिलेल्या सोन्याच्या खाणीचे फोटो त्यांनी आईला पाठवले.

बाई लिहितात, "खाण बंद पडून कितीतरी वर्षं झाली. लाकडाला रंग नाही, पॉलिश नाही, कुणाचा हात फिरत नाही. तरी खांब कालच सुताराने उभे केल्यासारखे! आणि आमच्या बाथरूमची सागवानी चौकट आठ पावसाळ्यांत गेली. हे कसं काय? दुसरं म्हणजे, बारा वर्षांचा नातू आता हट्ट धरून बसलाय की पुढच्या खेपेला अशीच एखादी खाण शोधून आत शिरायचं. लाकूड इतकं धड आहे तर भीती कसली, असं जावईबापूही म्हणतात. माझ्या जिवाला मात्र घोर लागलाय."

दोन्ही प्रश्न एकाच लाकडाचे आहेत, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलू.

कुरडई आणि खाणीचा खांब

उन्हाळ्यात आपण पापड-कुरडया कडकडीत वाळवतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो. वर्षभर त्यांना काही होत नाही. पण झाकण सैल राहिले, कुरडई सादळली, की आठ-पंधरा दिवसांत पांढरी-हिरवी बुरशी दिसायला लागते. कुरडई जुनी झाली म्हणून बिघडली का? नाही. तिला ओल लागली.

लाकडाचेही अगदी तसेच आहे. लाकूड वयाने कुजत नाही. त्याला कुजवते ती बुरशी, आणि बुरशी ही जिवंत वस्तू आहे. तिला खायला लाकूड लागते, थोडी ऊब लागते, हवा लागते आणि मुख्य म्हणजे पाणी लागते. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिले, तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे संसार थाटता येत नाही. जमिनीतून येणाऱ्या वाळवीलाही ओल हवीच असते. म्हणून तर ती मातीच्या ओलसर नळ्या बांधत बांधत भिंतीवर चढते.

आता डेथ व्हॅलीचे हवामान पाहा. 10 जुलै 1913 रोजी तिथे 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जगातले सर्वांत जास्त तापमान म्हणून आजही तीच अधिकृत नोंद सांगतात. खोऱ्याच्या तळाशी वर्षभरात पाऊस पडतो तो सरासरी दोन इंचांच्या आसपास. आपल्याकडे आषाढातली एखादी जोरदार दुपार तेवढा पाऊस पाडून मोकळी होते! अशा हवेत लाकूड म्हणजे कायमची वाळवलेली कुरडईच.

तिथेच 'कीन वंडर' नावाची सोन्याची खाण आहे. 1903 च्या अखेरीस तिचा शोध लागला. खाण डोंगरात उंचावर, तर दगड कुटून सोने काढायची गिरणी पायथ्याशी. मग सुमारे मैलभर लांबीचा लोखंडी दोर लाकडी मनोऱ्यांवरून टाकला आणि त्याला बादल्या टांगल्या. वरून भरलेल्या बादल्या खाली उतरत आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या बादल्या वर चढत. आपल्या विहिरीवर दोन पोहऱ्यांचा रहाट असतो ना, तसेच. तेव्हाचे लाकडी मनोरे शंभराहून अधिक वर्षे उन्हात उभे आहेत. उन्हाने लाकूड करडे पडले आहे, त्याला उभ्या चिरा गेल्या आहेत, पण ते कुजलेले नाही.

खाणीतली सुतारकी

खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कुदळ-फावडी येतात. पण खाणीत सुताराचे काम खाणकामगाराइतकेच मोठे. डोंगरात बोगदा खणला की वरचा दगड खाली यायला बघतो. त्याला अडवण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे आपल्या दाराची चौकट. दोन्ही बाजूंना दोन खांब आणि त्यांवर आडवी तुळई. दर काही फुटांवर अशी एक चौकट. दोन चौकटींच्या मध्ये, वर आणि बाजूंना, फळ्या. आणि लाकूड व दगड यांच्यात राहिलेल्या फटींत ठोकून बसवलेल्या पाचरी. पाचर दिसायला एवढीशी, पण दगडाचा भार चौकटीवर सारखा बसवायचे काम तीच करते.

बोगदा अरुंद असेल तोवर हे ठीक. पण 1859 साली अमेरिकेच्या नेवाडा भागातल्या रखरखीत डोंगरात, आजच्या व्हर्जिनिया सिटी गावी, कॉमस्टॉकचा चांदीचा प्रचंड साठा सापडला आणि तिथे ही चौकट अपुरी पडली. चांदीचा पट्टा काही ठिकाणी चाळीस-पन्नास फुटांहूनही रुंद, आणि दगड असा ठिसूळ की हात लावताच ढासळावा. एवढी लांब तुळई आणायची कुठून? आणि आणली तरी ती मधोमध मोडणारच.

1860 साली फिलिप डायडेसहायमर या जर्मन खाणतज्ज्ञाला ओफिर खाणीत बोलावले. त्याने युक्ती काढली ती अशी. लांब तुळई हवीच कशाला? माणसाच्या उंचीइतके जाडजूड वासे घ्यावेत, त्यांच्या टोकांना खाचा पाडून ते एकमेकांत बसवावेत आणि मोठ्या खोक्यासारखा लाकडी सांगाडा करावा. शेजारी दुसरा, वर तिसरा, खाली चौथा. जसजशी चांदी खणून काढावी तसतशी तिची रिकामी जागा या सांगाड्यांनी भरत जावी. हवे तिथे खोक्यांत टाकाऊ दगड भरला की भक्कम खांब तयार! चारी दिशांना वाढणाऱ्या या रचनेला तेव्हापासून मधमाश्यांच्या पोळ्याची उपमा देतात. डायडेसहायमरने तिचे पेटंट घेतले नाही. ही पद्धत पुढे दूरवर गेली. ऑस्ट्रेलियाच्या वैराण भागातल्या ब्रोकन हिलच्या खाणींतही ती वापरली गेली.

या सुतारकीची किंमतही मोठी होती. वाळवंटात झाड कुठले? सिएरा नेवाडा डोंगरातली, ताहो सरोवराच्या भोवतालची जंगले तोडून लाकूड आले. उंच लाकडी पन्हळींत पाणी सोडून त्यातून ओंडके डोंगराखाली वाहत आणले. उघडे पडलेले डोंगर पुन्हा झाडांनी झाकायला पुढच्या कित्येक पिढ्या लागल्या.

आणि कोरडे लाकूड कुजत नसले, तरी ते पेटते. 7 एप्रिल 1869 रोजी कॉमस्टॉकच्या 'यलो जॅकेट' खाणीत लाकडाला आग लागली आणि निदान पस्तीस माणसे दगावली. धुराने आणि विषारी वायूने शेजारच्या खाणींतली माणसेही गेली.

लाकूड बोलते

असे असूनही जुने खाणकामगार लाकडावर जीव टाकत. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. लाकूड न सांगता मोडत नाही. भार वाढला की ते आधी कुरकुरते, मग करकरते, वाकते, त्याच्या चिरफळ्या निघू लागतात. तेवढ्या अवधीत माणूस बाहेर पळू शकतो. लाकडाचा आवाज बदलला की अनुभवी माणसे हातातले काम टाकून निघत. दगडाचीही ते परीक्षा घेत. पहारीने ठोकून पाहायचे. खणखणीत वाजला तर ठीक, ढोलासारखा पोकळ वाजला तर सुटलेला. आपण मडके घेताना टिचकी मारून बघतो, तसेच.

आता नातवाच्या हट्टाविषयी

नाशिकच्या ताई, तुमचा घोर अगदी रास्त आहे. लाकूड धड दिसते म्हणून खाण धड असते, असे मुळीच नाही. ते का, हे नीट सांगते, म्हणजे नातवालाही पटेल.

पहिली गोष्ट, लाकूड वाळले की आकसते. त्यामुळे सांधे सैल होतात आणि ठोकून बसवलेल्या पाचरी ढिल्या पडतात. खांब सुंदर उभा दिसतो, पण त्याच्या डोक्यावर दगडाचा भार बसलेलाच नसतो. दगड मात्र आपल्या गतीने सरकत राहतो. लाकूड बोलते हे खरे, पण ओसाड खाणीत ते कधी बोलून गेले ते ऐकायला कुणी नव्हते.

दुसरी, खाणीच्या आतही विहिरीसारखे उभे खड्डे असतात. त्यांवर कधीकाळी फळ्या टाकलेल्या असतात आणि फळ्यांवर धूळ साचून ती साधी जमीन वाटते. जुन्या शिड्यांचेही तेच.

तिसरी, हवा. बंद खाणीत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू कमी झालेला असू शकतो. तिला वास नसतो, रंग नसतो. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो खाली बसतो. त्याला काढायला गेलेलाही तिथेच बसतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा बळदात उतरलेल्या माणसांच्या अशाच बातम्या वाचून आपण हळहळतो ना?

चौथी, सोडून दिलेला सुरुंगाचा दारूगोळा. जुन्या डायनामाइटच्या कांड्यांतून स्फोटक द्रव पाझरतो आणि नुसत्या धक्क्यानेही तो उडू शकतो. पाचवी, खाणीच्या गार तोंडाशी उन्हाळ्यात सापही सावलीला येतात.

याच कारणांनी 'कीन वंडर'चा परिसर 2008 साली लोकांना बंद केला होता. डागडुजी आणि बंदोबस्त करून तो 2017 साली पुन्हा खुला झाला. तिथल्या अनेक खाणींच्या तोंडांवर आता लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. माणूस आत जाऊ नये, पण वटवाघळांची ये-जा चालू राहावी, अशा त्या असतात. तेव्हा बाहेरून मनोरे बघावेत, गिरणीचे अवशेष बघावेत, भरपूर फोटो काढावेत. जुना खिळा, डबा, काहीही आठवण म्हणून उचलू नये, कारण राष्ट्रीय उद्यानातल्या वस्तूंना तिथे कायद्याचे संरक्षण आहे.

आतून खाण बघायचीच असेल, तर लोकांसाठी तपासून, दिवे लावून तयार केलेल्या खाणी आहेत. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बार्स्टोजवळ कॅलिको नावाचे जुने चांदीचे गाव आहे, तिथली 'मॅगी' खाण अशीच आहे. नातवाला नुसते "नको" म्हणू नका. "तिथे जा, आणि खांब-तुळई-पाचर कशी बसवली आहे ती मला काढून पाठव" असे सांगा. मुलांना काम दिले की हट्ट आपोआप वळतो. जावईबापूंना मात्र हा मजकूर वाचून दाखवा!

आणि आपल्या चौकटीचे काय?

आपल्याकडे वाळवंटाची हवा आणता येत नाही. पण लाकडाला दोन पावसांच्या मध्ये वाळायला सवड देता येते.

1. न्हाणीघराची चौकट नेहमी तळाशी कुजते, कारण लाकडाचे कापलेले टोक केशनळीसारखे पाणी ओढते. नवी चौकट बसवताना ते टोक लादीत गाडू नका. तळाशी दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा घालून ती वर उचला आणि टोकाला आधीच रंगाचे दोन-तीन हात द्या.

2. ओल्या लाकडावर रंग काढू नका. आतली ओल कोंडते आणि लाकूड रंगाखाली कुजत राहते. रंगकाम कडक उन्हाळ्यातच उरकावे.

3. कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे ओढा आणि पायांखाली ठोकळे द्या. मागून हवा खेळली की बुरशी निम्मी कमी झालीच म्हणून समजा. पावसात उघडीप मिळाली की तासभर दारे उघडी टाका.

4. पोळपाट, लाटणे, पाट धुतल्यावर आडवे ठेवू नका. भिंतीला टेकवून उभे करा, म्हणजे दोन्ही बाजू वाळतात.

5. गळका नळ, तुंबलेली पन्हळ, फुटलेले कौल हे आधी दुरुस्त करा. पाणी येतच राहिले तर वर लावलेले कोणतेही औषध फुकट जाते.

6. खाणकामगारांसारखी परीक्षा घ्या. हातोडीच्या दांड्याने चौकट, तुळई, माळ्याच्या फळ्या ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर चिंता नाही. बद्द वाजले, तर तिथे आरी किंवा स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला, तर रंग कितीही छान दिसो, सुताराला बोलवा. माळ्याची तुळई अशी निघाली, तर त्यावरचे ट्रंक-पातेली त्याच दिवशी खाली उतरवा आणि तिच्याखाली मुलांचे अंथरूण घालू नका.

पहिली सर येण्याआधी एखादी मोकळी दुपार बघून घरभर एवढी ठोकाठोक करून घ्याच. तासाभराचे काम आहे. मुलांना बरोबर घ्या, त्यांचे कान आपल्याहून तीक्ष्ण असतात.