जपानचा नाताळ: सण स्वीकारला, माणसांचे काय?

१/ दरवर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी जपानमध्ये तळलेल्या कोंबडीच्या दुकानांबाहेर रांगा लागतात. घरोघरी स्ट्रॉबेरीचा पांढराशुभ्र केक कापला जातो, टोकियोचे रस्ते दिव्यांनी उजळून निघतात. त्या देशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण मात्र जेमतेम एक टक्का. मग हा नाताळ नेमका कोणाचा? #धागा #इतिहास

२/ या प्रश्नाला तीन ठरावीक उत्तरे दिली जातात. पश्चिमेचे अनुकरण हे पहिले, बाजाराची किमया हे दुसरे आणि सर्वधर्मसमभाव हे तिसरे. तिन्हींत थोडेफार तथ्य आहे. परंतु जपानचा इतिहास उलगडू लागला की तिन्ही अपुरी पडतात, आणि ऐकायला सर्वांत गोड वाटणारे तिसरे उत्तर सर्वांत फसवे ठरते.

३/ या कथेचा आरंभ गोव्यात होतो. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले. सोबत अंजिरो हा जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. १५५२ मध्ये यामागुची येथे साजरा झालेला नाताळ हा जपानमधील पहिला ज्ञात नाताळ मानला जातो. मराठीतला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे.

४/ पुढच्या अर्धशतकात वारे फिरले. परकीय धर्मामागून परकीय सत्ता येईल, ही शंका राज्यकर्त्यांच्या मनात बळावली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हिदेयोशीच्या आज्ञेने नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतील एक होते वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. १८६२ मध्ये रोमने या २६ जणांना संतपद दिले.

५/ १६१४ मध्ये तोकुगावा शोगुनशाहीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. संशयितांची परीक्षा घेण्याची एक रीत होती: येशू किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकाला तिच्यावर पाय द्यायला लावायचा. जो कचरला, तो पकडला गेला. नाताळ पाळणे हा त्या काळी जिवाशी खेळ होता.

६/ तरीही काही कुटुंबांनी श्रद्धा सोडली नाही. धर्मगुरू नाही, चर्च नाही, ग्रंथही नाही. बौद्ध कान्नोनच्या मूर्तीत त्यांनी मरिया पाहिली. बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाशी जोडल्या गेलेल्या दिनदर्शिकेवरून ती गुपचूप आपले सणवार मोजत राहिली. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांच्यातील काहींनी एका फ्रेंच धर्मगुरूला आपली ओळख सांगितली, तेव्हा या बंदीला अडीचशे वर्षे झाली होती.

७/ या धाडसाची किंमत त्यांना मोजावी लागली. शोगुनशाही गेली, मेइजी राजवट आली, पण बंदी उठली नाही. उराकामी खेड्यातील तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना घरादारासह हद्दपार करण्यात आले. पाश्चात्त्य राष्ट्रांचा राजनैतिक दबाव वाढल्यावर, १८७३ मध्ये, बंदीचे फलक अखेर उतरवण्यात आले. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती.

८/ नाताळ जपानमध्ये दुसऱ्यांदा आला तो यानंतर. पण हा नाताळ निराळा होता. युरोप-अमेरिकेतच मधल्या काळात त्याचे रूप पालटले होते. १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. बायबलमध्ये या सणाला आधार नाही आणि त्यात धिंगाणाच फार, अशी प्युरिटनांची तक्रार होती.

९/ एकोणिसाव्या शतकाने या सणाला घरात आणले. १८४३ मध्ये डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आली. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले. झाड, भेटवस्तू, मुलांचे कौतुक, दुकानांच्या सजलेल्या काचा: हा नाताळ चर्चपासून सहज सुटा करता येत होता. जगभर पसरला तो प्रामुख्याने हाच.

१०/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टोकियोच्या गिंझा भागातील दुकाने आणि कॅफे नाताळसाठी सजू लागले. त्यात एक योगायोग घडला. २५ डिसेंबर १९२६ रोजी सम्राट तैशो यांचे निधन झाले आणि १९२७ ते १९४७ या काळात २५ डिसेंबर हा त्यांच्या स्मरणार्थ सुट्टीचा दिवस ठरला. दिवंगत सम्राटाच्या पुण्यस्मरणाच्या आदल्या रात्री गिंझात नाताळच्या मेजवान्या झडत.

११/ त्याच वर्षांतली ही दुसरी घटना. १९३२ मध्ये टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवस्थानापुढे वंदन करण्यास नकार दिला. लष्कराने तेथे नेमलेला आपला अधिकारी काढून घेतला आणि संस्थेच्या देशनिष्ठेवर प्रश्नचिन्ह लागले. एकाच शहरात, एकाच काळात नाताळ आवडता होता आणि ख्रिस्ती माणूस संशयित.

१२/ युद्धोत्तर भरभराटीत नाताळ मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. पांढऱ्या क्रीमवरच्या लाल स्ट्रॉबेरी जपानी मनाला परक्या वाटल्या नाहीत. लाल-पांढरी जोडी तेथे शुभच मानली जाते. १९७४ मध्ये केंटकी फ्राइड चिकनने नाताळची देशव्यापी जाहिरात मोहीम काढली. टर्की सहज मिळत नसे आणि ती भाजण्याजोगी भट्टी घरोघरी नव्हती. तळलेली कोंबडी त्या जागी चपखल बसली.

१३/ आता पहिले उत्तर तपासावे. हे निव्वळ अनुकरण असते, तर पाश्चात्त्य नाताळ जसाच्या तसा दिसला असता. जपानमध्ये २५ डिसेंबरला आज सुट्टी नाही. नाताळची पूर्वसंध्या मुख्यतः तरुण जोडप्यांची आणि लहान मुलांची. एकदा २५ तारीख सरली की सजावट उतरते आणि दारोदारी पाइन-बांबूचे कादोमात्सु उभे राहते. कुटुंब एकत्र येते ते नववर्षाला, आणि दर्शनाला जाते ते शिंतो देवस्थानी किंवा बौद्ध मंदिरात.

१४/ दुसरे उत्तर बाजाराचे. जाहिरातीने कोंबडी विकली, हे खरेच. परंतु वर्षअखेरीचा बोनस हाती पडलेला, नववर्षाची गंभीर कौटुंबिक कर्तव्ये आठवड्यावर आलेली, आणि मधे विधी-सोवळ्याचे ओझे नसलेली एक मोकळी संध्याकाळ! ही जागा समाजात आधीच रिकामी होती. बाजाराने ती हेरली आणि भरली. नववर्षाच्या जागी मात्र बाजाराला नाताळ बसवता आला नाही.

१५/ तिसरे उत्तर सहिष्णुतेचे. येथे इतिहास कठोर आहे. नाताळ जपानमध्ये सर्वमान्य झाला, कारण त्यातून ख्रिस्ती माणूस वजा करता आला. ज्यांच्या पूर्वजांनी या दिवसासाठी प्राण पणाला लावले, ते उत्सवाच्या झगमगाटात कोठेच दिसत नाहीत. दुसऱ्याच्या सणातील मिठाई खाणे सोपे असते. त्या सणाच्या माणसाचा वेगळेपणा मान्य करणे अवघड. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरू नये.

१६/ याच इतिहासातून उलट बाजूच्या भीतीलाही उत्तर मिळते. झाड सजवले, केक कापला की धर्म बुडतो, असा ओरडा डिसेंबर आला की अनेक देशांत होतो. जपानने शतकभर नाताळ साजरा केला. ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपासच राहिली, आणि नववर्षाची देवस्थानांतील गर्दी ओसरली नाही. केकने कोणाचे धर्मांतर झाले नाही. आणि अडीचशे वर्षांच्या छळानेही श्रद्धा पुरती पुसली गेली नाही.

१७/ म्हणून बिगरख्रिस्ती लोक नाताळ का साजरा करतात, याचे प्रामाणिक उत्तर साधे आहे: त्यांना त्या दिवसाचा स्वतःसाठी उपयोग सापडला. यात पाप नाही, तसेच औदार्यही नाही. औदार्याची परीक्षा २४ डिसेंबरच्या रोषणाईत होत नसते. एखादा विद्यार्थी सर्वांसोबत मान लववायला नकार देतो आणि त्याला देशद्रोही ठरवायचे की नाही हे ठरवावे लागते, त्या दिवशी ती होते.

१८/ नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये त्या २६ जणांचे स्मारक उभारले गेले. गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे महाविद्यालय आज वसईत आहे. नाताळचा केक कोणीही, कोणत्याही धर्माच्या माणसाने खुशाल खावा. सोबत ही २६ नावेही एकदा वाचावीत. त्यांतले एक अगदी जवळचे आहे.

(धागा समाप्त)